बंडप्पाची दोन बोटं

सोनारीच्या बंडप्पाचं सांगायचं तर आधी त्याच्या दोन बोटांचं सांगावं लागतं. चाळीस वर्षं खवा आटवला गड्यानं. दूध आळत आलं की कढईतला कढत खवा चिमटीत धरायचा, गोळी वळायची आणि बोटाला चिकटली नाही की हाळी द्यायची, "उतरवा!" भैरवनाथाला आलेला माणूस पेढा तोंडात टाकून विचारायचा, खवा कुणाचा हो? उलथणं जन्मभर बायकोनं, कस्तुराबाईनं फिरवलं. गोळीला मात्र त्यानं तिला कधी हात लावू दिला नाही.

गेल्या थंडीत त्याला फ्लू झाला. ताप-खोकला आठवड्यात गेला आणि पुढच्या आठवड्यात तळपायाला मुंग्या आल्या. "गारठ्यानं असंल," म्हणत कस्तुराबाईनं त्याचे पाय पेटत्या चुलाणापाशी शेकायला ठेवले. दोघं बोलत बसली. जरा वेळानं तिनं नाक वर केलं.

"अवं, काय करपतंय?"

बंडप्पानं आधी कढईत पाहिलं. करपत होती त्याची टाच.

मग पाय गेले, मागोमाग हात. बार्शीचे डॉक्टर म्हणाले, "जीबीएस म्हणतात याला. फ्लूशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली, ती चुकून तुमच्याच नसांवर उलटली."

"म्हंजे घरचंच कुत्रं चावलं म्हना."

डॉक्टर हसले. बंडप्पाला हसू आलं नाही, रडूही नाही. पाच दिवस सलाइनमधून औषध गेलं. तो वर पंख्याची पाती मोजायचा. तीनच होती, पुन्हा मोजायचा.

आखाडापर्यंत तो वॉकर धरून चालायला लागला. गावानं नारळ फोडला. बोटांच्या शेंड्यांना जाग आली नाही, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. चुलाण पुन्हा पेटलं. दूध घेऊन आलेल्या रणधीरनं चिडवलं, "मामा, हात इसरला न्हाय न्हवं?"

"तू जा रं, म्हशी बघ तुझ्या."

पहिली कढई त्यानं अंदाजानं उतरवली. कच्ची निघाली. दुसरी बुडाला लागली. तिसरीला त्यानं गोळी वळली. ऊन नाही, गार नाही, चिकट नाही. दुसऱ्याच कुणाची तरी बोटं हलताना पाहावीत, तसा तो पाहत राहिला. उलथणं थांबलं.

"झाला का वो?"

त्यानं चिमटी तिच्यापुढं धरली. मग म्हणाला, "मला न्हाय कळत, कस्तुरे. तू बघ."

तिनं त्याच्या चिमटीतली गोळी काढून घेतली, वळली आणि रणधीरला म्हणाली, "धर कान कढईचा. उतरव."

खवा ताटात पडला, मऊ, रवाळ. चांगला झालाय, हे बंडप्पाला दिसत होतं. त्याच्या अंगठ्यावर एक पांढरा फोड टरारून येत होता. तो कुणाचा आहे हे ठाऊक नसल्यासारखा बंडप्पा त्याच्याकडे बघत बसला.