समोर किती सांगितलं?

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंना जगात एकच माणूस मनापासून नकोसा होता, आणि तो नेमका रस्त्यापलीकडे बसायचा. त्यांचा सख्खा धाकटा दीर. त्याचंही चष्म्याचंच दुकान. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा धाकट्यानं समोरचाच गाळा घेतला. पुढे थोरला वारला, तरी काकूंनी तो अपराध काही माफ केला नाही. "दुसऱ्या जागा काय मेल्या होत्या?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसे.

आता काकूंना धंद्यातलं काय येत होतं म्हणाल, तर नावं ठेवणं. त्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "समोर किती सांगितलं?" त्यानं आकडा सांगितला की काकू नाक मुरडून थोडा कमी सांगायच्या, आणि वर, "त्यांच्या फ्रेमा नाकावरून घसरतात हो. आमचे हे काड्या बसवायचे, ते काम वेगळंच!" झालं. आता 'हे' जाऊन कित्येक वर्षं झाली होती आणि काड्या एक पगारी कारागीर बसवत होता, पण तेवढं सांगायला काकूंना सवड कुठली? स्वतः होऊन किंमत मात्र या बाईंनी जन्मात कधी ठरवली नव्हती.

अशात बातमी आली की भावोजी दुकान हलवताहेत. डोळ्यांच्या दवाखान्याच्या रस्त्यावर, जिथे आधीच चष्मेवाल्यांची रांग लागलेली. सल्ला त्यांच्या मुलीचा. ही पुतणी कॉलेजात शहरांचा अभ्यास करायची. शहरातल्या एकेका दुकानाचा तिनं ठिपका मांडला होता, हाकेच्या अंतरावरचे ठिपके रेघांनी जोडले होते, आणि त्या जाळ्यात कुठला धंदा कुठल्या धंद्याला चिकटून सापडतो ते ती तपासत होती.

काकू हसून हसून बेजार झाल्या. "रेघा ओढून दुकान चालतं होय? एवढ्या गर्दीत जाऊन बसणार! शिकलेल्या लेकीनं बापाला बरोबर खड्ड्यात घातलं." भावोजींचं शटर खाली आलं, आत बांधाबांध सुरू झाली, तशी काकूंनी गल्लीत मिठाई वाटली. हो, खरोखर वाटली! शिंप्याला दिली, घड्याळवाल्याला दिली, आणि कहर म्हणजे एक पुडा समोरच्या दारातही नेऊन ठेवायला लावला.

मग सगळी गिऱ्हाइकं आता आपलीच, म्हणून वाट बघत बसल्या. कसली गिऱ्हाइकं न् कसलं काय! एक बाई आली, तिनं फ्रेम घालून बघितली, किंमत विचारली. "समोर किती सांगितलं?" काकू सवयीनं बोलून गेल्या. बाईनं वळून बंद शटरकडे बघितलं. काकूंनी घाईघाईत एक आकडा सांगितला, पण तो त्यांचा त्यांनाच पटेना.

"इथे दुसरं दुकान नाही का? दोन ठिकाणी बघितल्याशिवाय कसं घ्यायचं?" म्हणत ती गेली ती गेलीच. पुढचा आठवडाही तसाच. कारागीर जांभया देत तीच भिंगं पुसत राहिला.

पुतणी वडिलांची खोकी उचलायला आली, तेव्हा काकूंनी तिला हाक मारली. "ये गं इकडे. तुझ्या त्या ठिपक्यांत माझं काय भविष्य लिहिलंय?"

पोरगी भिडस्त. तिनं फोनवर नकाशा उघडला. "काकू, काही धंदे एकमेकांना ओढतात, काही लांब ढकलतात. चष्मेवाले ओढणाऱ्यांतले. चार ठिकाणी घालून बघता येतं, म्हणून लोक येतात. या भागात दोनच ठिपके होते, तुमचा आणि बाबांचा."

"आणि आता?"

"आता तुमचा सुटा पडला."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या बापाच्या जिवावर जेवत होते म्हण की!"

"बाबाही तुमच्याच जिवावर, काकू. मी म्हटलं होतं त्यांना, काकूंनाही सांगू या. ते म्हणाले, वहिनी माझं ऐकायच्या नाहीत."

हे मात्र खरं होतं. आणि काकू घाबरल्या, चांगल्याच घाबरल्या. दुकान बसलं तर खायचं काय हा प्रश्न होताच, पण दिवसभर रिकाम्या घरात बसून नावं तरी कुणाला ठेवायची?

संध्याकाळी त्यांनी रस्ता ओलांडला. तेवढासा रस्ता, पण ओलांडायला बाईंना अर्धा जन्म लागला. भावोजी सुतळीनं खोकी बांधत होते.

"नवा गाळा मोठा आहे म्हणे," काकू उभ्या उभ्याच म्हणाल्या. "एकट्याला काय करायचाय एवढा? मध्ये भिंत घाला, अर्धा मला द्या. भाडं अर्धं अर्धं."

"भिंत कशाला, वहिनी? एकच दुकान करू."

"मुळीच नाही! लोकांना दोन दारं दिसायला नकोत? तुमची लेक काय सांगते, ते कळतं तरी का तुम्हाला?" दुपारी ऐकलं आणि संध्याकाळी बाई दुसऱ्यांना शिकवायला तयार!

भावोजींनी सुतळी खाली ठेवली. "देतो अर्धा. पण आधी एक सांगा, आणि खरं सांगा. माझं काम कसं आहे?"

काकूंनी आधी छताकडे बघितलं, मग रस्त्याकडे. त्यातून काही सुटका होईना, तेव्हा टेबलावरचा एक तयार चष्मा उचलला, काड्या उघडल्या आणि काचेवर उलटा ठेवून पाहिला. काड्या वाकड्या बसल्या असत्या तर डुगडुगला असता; जराही डुगडुगला नाही. तो डुगडुगणार नाही, हे त्यांना ठेवायच्या आधीच माहीत होतं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मग काड्या मिटून चष्मा जागेवर ठेवला. "आमच्या ह्यांच्यापेक्षा चांगलं. पहिल्यापासूनच."

एवढं बोलून बाई बांधलेल्या खोक्यावर मटकन बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. भावोजींना काय करावं सुचेना. त्यांनी पाण्याचा पेला आणून पुढे केला आणि विचारलं, "मग भिंत नक्की कुठे घालायची?"