चुंबकाला चिकटलेली पीएचडी

कडब्याची गंज रचायला चार माणसं लागतात. किश्शांची गंज आपोआप रचली जाते, त्यासाठी रसायनशास्त्राचा एक विभाग आणि एक गाइड पुरतो! जळगावात चार वर्षं पीएचडी करून मी पदवी न घेताच बाहेर पडलो. दोस्त विचारतात, "का सोडलीस रे?" एका वाक्यात सांगता येत नाही.

काम सोपं वाटायचं. एका रेणूत लोखंडाचे तीन अणू बांधायचे आणि त्याचं चुंबकत्व मोजायचं. हे तीन अणू म्हणजे सख्खे भाऊ. एका घरात राहतील, पण ओढतील विरुद्ध दिशांना. या भाऊबंदकीत उरतं ते थोडकं चुंबकत्व. ते नेमकं किती, यावर माझा प्रबंध उभा होता.

*

एरंडोलच्या काकांनी विचारलं, "तू काय करस रे तठे?"

"लोखंडाची संयुगं बनवतो."

"मंग पैसा कसाले घालस? आपला ट्रॅक्टरले बठ्ठा गंज चढेल शे, तोच लई जाय!"

ट्रॅक्टरवरचा सगळा गंज न्यायची मोकळीक मिळाली! चार वर्षांत माझ्या विषयावर एवढी स्पष्ट चर्चा दुसऱ्या कुणीच केली नाही.

*

संयुगाचा क्रिस्टल हळूहळू वाढायला हवा. द्रावण बाटलीत ठेवायचं, टोपण सैल करायचं आणि महिनाभर हात लावायचा नाही. आता जळगावचा मे महिना! दोन दिवसांत बाटली कोरडी, तळाशी नुसता चिखल. एसी एकच, तोही गाइड सरांच्या केबिनमध्ये.

मी म्हटलं, "सर, बाटली तुमच्या कपाटावर ठेवू का?"

"एसी प्रोफेसरच्या पोस्टला मिळतो. बाटलीला नाही!"

तेवढं बोलून सरांनी आमरसाचा डबा मात्र एसीखाली सरकवला.

*

एकदा मी घरी गेलेलो असताना सरांना घाई झाली. कॉन्फरन्स तोंडावर होती. माझ्या संयुगाची तपकिरी पावडर ओलसर वाटली म्हणून त्यांनी ती थेट भट्टीत टाकली. मी परत आलो तर पावडर काळीकुट्ट.

आमचे लॅब अटेंडंट आबा दारातूनच म्हणाले, "साहेब, भाकर करपनी!"

सर म्हणाले, "आबा, तुम्हाला काय कळतं? ही पदार्थाची नवीन फेज आहे."

तीस वर्षं काचेची भांडी धुणाऱ्या माणसाला सगळं कळतं. डॉक्टरेट मिळालेल्यालाच समजावावं लागतं.

*

ती करपलेली भाकर सरांनी मोठ्या शहरातल्या चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनवर पाठवली. चुंबकत्व अपेक्षेच्या कितीतरी पट! सरांनी पेढे वाटले.

"सर, संयुग जळून ऑक्साइड झालंय. हे चुंबकत्व त्याचं आहे."

"मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनला खोटंच दिलं तर?"

"तुझ्या वयाचा असताना मी गाइडसमोर खुर्चीवर बसत नव्हतो!"

बसले असते तर थोडं रसायनशास्त्र तरी शिकले असते.

*

मग पेपर लिहिला. रेणूत लोखंडाचे अणू तीन, पेपरवर नावं सात! त्यातले एक धुळ्याला कॉमर्स शिकवणारे सरांचे साडू.

"सर, यांनी काय केलं?"

"नैतिक पाठिंबा."

माझं नाव सहावं. सातवं मशीनवाल्याचं, त्याने निदान बटण तरी दाबलं होतं.

*

शेवटी प्रबंधाआधीची तपासणी समिती आली. मी मनाशी ठरवलं होतं, नमुना पुन्हा बनवून पुन्हा मोजायची परवानगी मागायची. सहा महिने जास्त गेले तरी चालतील, पण प्रबंध खरा हवा.

मी तोंड उघडण्याआधीच सरांनी खिशातून जुन्या स्पीकरचा चुंबक काढला आणि काळ्या पावडरवर धरला. पावडर टुणकन उडी मारून चिकटली! समितीने टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षांनी कौतुकाने मला विचारलं, "बाळा, हा गुण कसा काय आला?"

मी म्हटलं, "सर, आमचं खरं संयुग चुंबकाकडे ढुंकूनही पाहणार नाही. हे जळालेलं आहे. मला नवीन नमुना बनवू द्या."

सर पंख्याकडे बघायला लागले. अध्यक्षांनी चुंबक हातात घेतला, उलटा केला, हलवला. पावडर काही पडेना. त्यांनी चष्मा काढला आणि सरांकडे वळून ते शांतपणे म्हणाले,

"नमुना चांगला आहे. विद्यार्थी बदला!"