हातभर उंच बंधारा

काशीराम नदीचा वाचक होता. म्हणजे काय, तर हातखंबा गावाच्या आतल्या अंगाला, त्याच्या वाडीखालच्या नदीत सरकारने आकड्यांची पट्टी रोवली होती. रोज सकाळी पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि रत्नागिरीच्या कचेरीला कळवायचं. भत्ता तुटपुंजा, पण तोरा केवढा! कोणी नुसतं "पाणी उतरलं" म्हटलं, तरी हा विचारणार, "किती? आकडा सांग."

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर कचेरीतून एक तरुण साहेब आले. उपग्रहाने वरून काढलेले फोटो, पावसाची नोंद आणि काशीरामची पट्टी, यांवरून अख्ख्या खोऱ्यात किती पाणी आहे ते काढणार होते. वाडीच्या वरच्या बाजूला तळं बांधायचं की नाही, ते त्यावर ठरणार. काशीरामचा जीव सुपाएवढा झाला. मुंबईला राबणारा त्याचा लवू शिमग्याला म्हणाला होता, "बाबा, बारमाही पाणी झालं तर मी परत येतो. विमलाला नि पोरांना तिकडे खुराड्यात कशाला नेऊ?"

मग वाडीने शहाणपणा केला. पट्टीच्या जरा खाली दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतर सगळे मिळून दगडमातीचा बंधारा घालत. अडलेल्या पाण्यावर उन्हाळी भात, म्हणजे वायंगण, निघे. वाडीचा मुख्य, गावकर आप्पा म्हणाला, "औंदा हातभर उंच घालू. मुलगी बघायला पाव्हणे यायचे तर आपण घर सारवतो ना? नदी भरलेली दिसली तर तळं मिळंल." काशीरामलाही पटलं. भर उन्हाळ्यात पट्टीचा आकडा चढाच राहिला, फोटोतही वायंगण उठून दिसलं, आणि कचेरीचा निकाल आला: पाणी मुबलक, तळ्याची गरज नाही.

घ्या! बसा आता!

काशीरामने रत्नागिरी गाठली नि हात जोडून सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो काशीरामदादा, मला वाहतं पाणी हवं होतं, अडवलेलं नव्हे! एक साल बंधारा घालू नका. खरा आकडा मी वर पाठवतो."

बंधारा नाही म्हणजे वायंगण नाही, विहिरीही लवकर आटणार. वाडीच्या बैठकीत लोक अंगावर धावून आले. "माझ्या शब्दाखातर," काशीराम म्हणाला. ऐकलं बिचाऱ्यांनी.

होळीच्या आधीच नदीत नुसते धोंडे उरले. बायका तापला कातळ तुडवत लांबच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. विमला हंडा उतरवून उंबऱ्यावरच बसून राही. काशीरामला तिच्याकडे बघवत नसे, आणि तरी पट्टीवर शून्य बघून त्याला बरं वाटे. त्याची त्यालाच लाज वाटायची.

पावसाच्या तोंडावर तो पुन्हा कचेरीत गेला. जुन्या साहेबांची बदली झाली होती. नवे म्हणाले, "हे वर्ष आम्ही धरलेलंच नाही. पाऊस नेहमीएवढा, आधी सगळी वर्षं पाणी, आणि मध्येच शून्य? वाचकाची चूक आहे ती."

"चूक नाय साहेब, बंधारा..."

"बंधाऱ्याचं आम्हाला कोणी कळवलेलं नाही."

घरी येऊन त्याने विमलाला सांगितलं. ती रडली नाही की भांडली नाही. "बाबा, आता ह्यांची वाट बघत नाय. मीच जाते पोरांना घेऊन."

हातखंब्याला त्याने त्यांना एस्टीत बसवलं. धाकटी खिडकीतून विचारत होती, "आजोबा, तुम्ही कधी येणार?" कधी नाही ते काशीरामला आकडा सांगता आला नाही.