पट्टेवाल्या नराच्या शोधात हरसूलला

सकाळच्या एसटीने नाशिक सोडलं, तरी सरांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. "बाई, या दोन जाती नाहीतच. एकाच जातीचे नर आणि मादी आहेत."

मी शाळेत विज्ञान शिकवते. सर निवृत्त प्राध्यापक, कीटकांतले जाणकार. वाद होता क्रेन फ्लायवरून. ही माशी दिसते मोठ्या डासासारखी, पाय लांबलचक, पण चावत नाही. गेल्या वर्षी हरसूलजवळच्या ओढ्यावर मला दोन तऱ्हेच्या मिळाल्या. काहींचे पंख स्वच्छ, काहींचे तपकिरी पट्ट्यांचे. नेमके स्वच्छ पंखांचे सगळे नर निघाले आणि पट्टेवाल्या सगळ्या माद्या. सरांना तेवढं पुरलं, मला पुरलं नाही. जाती दोन आहेत हे दाखवायला पट्टेवाला एक तरी नर हवा होता.

त्र्यंबक मागे पडलं आणि वळणं सुरू झाली. खाचरांत भात पिवळा पडला होता, उतारावर नागली (नाचणी) उभी होती. हरसूलच्या बाजारातली गर्दी ओलांडून मी ओढा गाठला.

काठावर हिराबाई नावाच्या एक बाई गवत कापत होत्या. ओढ्यालगतचं शेत त्यांचंच.

"काय धरता, ताई?"

"डासासारखी माशी आहे, मावशी. तिच्यासाठीच नाशिकहून आले."

"नाशकात डास नाय का?" त्या खळखळून हसल्या.

पहिली पट्टेवाली चिमटीत आली, पण तुटका पाय माझ्या हातात ठेवून उडाली. दुसरीमागे धावताना शेवाळावरून घसरले आणि थेट कमरेभर पाण्यात. हिराबाईंनी हात देऊन ओढून काढलं. उन्हात बसवून नागलीची भाकरी आणि उडदाची दाट आमटी वाढली. जेवताना मी त्यांना सरांचं म्हणणं सांगितलं.

"ते आले व्हते का हितं बघायला?"

"नाही."

"मंग? जेवा आन् परत धरा."

उतरत्या उन्हात, खडकाच्या कपारीत, नेच्याच्या पानाखाली जोडी लटकलेली दिसली. शेपटीला शेपटी जोडलेली, चारही पंखांवर पट्टे. एकीचं पोट सुईसारखं टोकदार, ती मादी. दुसऱ्याचं टोक बोथट, फुगीर. नर! श्वास रोखून खालून बाटली वर नेली आणि जोडी आत आली.

दुसऱ्या दिवशी सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिले. या नराच्या शेपटीचे, मादीला धरायचे आकडे स्वच्छ पंखांच्या नरांपेक्षा वेगळे होते; जात बदलली की हे आकडे बदलतात.

"एका नरावरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले.

"मान्य, सर. मी पुन्हा जाणार आहे. पण तोवर दोन्ही तऱ्हांच्या डब्या वेगळ्याच राहतील."

इतकी वर्षं जाणकार सांगतील ते मी मुकाट वहीत उतरवलं. त्या संध्याकाळी डबीच्या चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'हरसूल, ओढ्याकाठ. वेगळी जात. नाव माहीत नाही.' नावासाठी ती पट्टेवाली थांबेल, मीही थांबेन. पण भलत्याच जातीच्या नराची मादी म्हणून तिची नोंद मी करणार नाही.