खोकल्यापुढे ‘नाही’

प्रयोगशाळेत त्याला सगळे उंदीरमामा म्हणत. बावीस वर्षं उंदरांचे पिंजरे धुण्यात गेल्यावर दुसरं काय म्हणणार! मामालाही त्याचं काही वाटत नसे.

त्याला वाटायचं ते मुलीचं. तरणीताठी पोर, पण संधिवाताने बोटं पार वळलेली. तिची वेणीसुद्धा बापच घालायचा, तीही वेडीवाकडी.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी त्याला नीट समजावलं होतं. "मामा, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात. दारावरची घंटाच समजा. पोरीच्या अंगात ती उगाच वाजते आणि पेशी तिच्याच सांध्यांवर तुटून पडतात. आपलं औषध ती घंटा बंद करतं."

"आणि खराच चोर आला तर?"

"ऐकू येणार नाही. म्हणून तर साधा खोकला झाला तरी डोस थांबवायचा."

उंदीर बरे झाले. मग माणसांवरच्या चाचणीत मुलीचा नंबर लागला. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तिने आपली वेणी आपण घातली. मामा न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि पोटभर रडला.

पाचव्या डोसच्या आदल्या दिवशी ती खोकली. शिंकणारा उंदीर प्रयोगातून बाद, त्याची चिठ्ठी इतकी वर्षं मामाच लिहीत आला होता. बाद उंदराचं पुढे काय होतं, तेही त्यानेच पाहिलं होतं.

"उद्याच्या डोसच्या फॉर्मवर खोकल्यापुढे ‘नाही’ लिही."

"बाबा, खोटं कशाला?"

"बाळ, एकदा बाद केलं की परत घेत नाहीत."

तिने लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

डोसनंतर चौथ्या दिवशी फुप्फुसं भरली, घशात नळी घातली. मोठ्या बाई धावत आल्या. मामाने काही लपवलं नाही.

"मामा, खोकला थांबल्यावर पुढचा डोस दिलाच असता हो. माणसांना कोण बाद करतं?"

डॉक्टरांनी आशा सोडली होती. भेटायचं असेल त्यांना बोलवा, म्हणाले होते. बोलवायला दुसरं होतं कोण?

तो खाटेशी गेला. तिचा हात हातात घेतला. बोटं मऊ होती, सरळ होती, एकही सांधा सुजलेला नव्हता. केस मात्र उशीवर विस्कटले होते. मामाने ते गोळा केले आणि वेणी घालायला घेतली.