धर्मामामा आणि पाण्यातले भारे

धर्मामामा गेल्याचा फोन कल्याणच्या ऑफिसात आला तेव्हा मी डबा खात होतो. मामेभाऊ म्हणाला, "दादा, बाबा गेला." मी "कधी?" असं विचारलं खरं, पण त्याआधी क्षणभर मला हायसं वाटलं. हे एवढं वाक्य लिहायला मला महिना लागला. ज्यानं मला पोहायला शिकवलं तो आईचा सख्खा भाऊ गेला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं... कारण मी काय केलं होतं ते फक्त त्यालाच माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

मामाची वाडी शहापूरकडच्या एका धरणाच्या पाण्यात. जमिनी बुडाल्या, टेकाडावरची घरं तेवढी राहिली, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की ते वाडीला तीन बाजूंनी वेढायचं. भात पिकवणारी माणसं नाइलाजानं मासे धरायला लागली. सुरुवातीला ज्याला जमेल तसं, जमेल तिथं. मग मासाच मिळेना. तेव्हा मामानं भाऱ्यांची युक्ती काढली. बांबूची चौकट, तिला बांधलेल्या झाडाच्या फांद्या, खाली दगड. तो भारा पाण्यात सोडायचा, वर खुणेला रिकामा डबा तरंगत ठेवायचा. फांद्यांत चिंगळ्या आणि बारीक मासे आसऱ्याला येतात, त्यांच्या मागे मरळ येते, रोहू येतो. भारे सगळ्या वाडीचे. घरागणिक पाळी, भाऱ्यापाशी फक्त गळ टाकायचा, जाळं कधीच नाही, आणि पावसाचे महिने अजिबात बंद. भारा मोडणाऱ्यानं वर्षभर होडीत पाय ठेवायचा नाही, वाडीच्या बैठकीत तोंड उघडायचं नाही, भाऱ्यांसाठी काठावर दगड वाहायचे. हे सगळं मामानंच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. पाण्याखाली कुणाचं शेत आहे, बांध कुठं, विहीर कुठं, हे त्याला पाठ होतं. भारा कुठं सोडायचा ते तोच सांगायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मला नोकरी लागून चारेक वर्षं झाली असतील, मी ऑफिसातल्या दोन साहेबांना वाडीवर घेऊन गेलो. माझ्या मामाकडे मासे म्हणाल तेवढे, अशी फुशारकी मारून बसलो होतो. भाद्रपद होता, म्हणजे बंदीचे दिवस. मामा शहापूरच्या बाजाराला गेलेला, मामी रानात. साहेबांना घेऊन मी मामाची होडी काढली. तासभर गळाला काही लागेना, साहेब घड्याळ बघायला लागले. मग मी कसाऱ्याहून आणलेलं नवं, बारीक आसाचं म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं भाऱ्यावर टाकलं. ते फांद्यांत अडकलं. मी ओढलं, आणखी ओढलं, तशी दोरी तुटली, चौकट उसवली आणि फांद्या वर येऊन पसरल्या. मी सुरीनं जाळं कापलं, तिथंच टाकलं आणि मामा परतायच्या आत साहेबांना घेऊन दुपारची एसटी पकडली.

बंदी उठल्यावर त्या भाऱ्याची पहिली पाळी भिमीची होती. नवरा गेलेली बाई, पदरात दोन मुली. ती गळ घेऊन गेली तेव्हा तिथं भारा नव्हता, जाळ्याचा तुकडा होता. बैठक बसली. जाळं कुणाचं असं विचारल्यावर मामा उठून म्हणाला, "माजं."

हे मला दिवाळीत आईकडून कळलं. भाऊबीजेला मामा आमच्याकडे आला होता. मी समोर बसलो होतो, मान वर होत नव्हती. निघताना चपला घालत तो एवढंच बोलला, "बारीक आसाचं जाळं घेतलंस रे. पिल्लं पन अडकतात त्यात." मला वाटलं, पुढं काही बोलेल... तो पिशवी उचलून निघाला.

वर्ष सरलं, शिक्षा संपली, पण मामा बैठकीत पुन्हा बोलला नाही. विचारलं तर म्हणायचा, "तुमीच ठरवा रे." भारे सोडायला होडीतून जायचा, तिथं नुसतं बोट दाखवायचा. भिमी कितीतरी वर्षं त्याच्याकडे न बघता जायची. मी हे सगळं बघत होतो. दर दिवाळीला वाटायचं, या खेपेला बैठकीत उभं राहून सांगू. मग वाटायचं, जुनी गोष्ट, कशाला उकरायची. मला बढती मिळाली, मी घर घेतलं, त्या साहेबांपैकी एकाच्या मुलीच्या लग्नाला जेवून आलो. भ्याड माणसाचे दिवसही छान जातात, हे मी स्वतःवरून सांगतो.

कार्याच्या दिवशी वाडी जमली होती. मामानं जाण्याआधी बांधून ठेवलेला भारा अंगणात होता आणि तो त्याच दुपारी सोडायचं ठरत होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ते जाळं माझं होतं. मामा खोटं बोलला." कुणी दचकलं नाही. मामी खाली बघत राहिली.

"आमाला म्हाईत हाय," भिमी म्हणाली. आता तिचे केस पिकलेत. "धर्मानं कवा बारीक आसाचं जाळं घेतलं व्हतं? तो बोलला माजं, मंग आमी काय बोलनार? तुला पाठीशी घातलं म्हनून मी त्याच्याकडं बघत नव्हती. तू येशील न सांगशील, म्हनून गप ऱ्हायलो." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता कोनाला सांगतोस?"

माणसं उठली, भारा उचलून काठावर नेला. मीही हात लावला आणि त्यांच्यामागून होडीत चढायला निघालो. मामेभावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, तू नको," तो हळूच म्हणाला. "वरीसभर नाय."

मी काठावर थांबलो. होडी पाण्याच्या मध्यावर गेली. तिथून आवाज ऐकू येत होते: इथं सोडू का, का अजून पुढं, विहीर कुठं होती रे... कुणालाच नक्की सांगता येईना. भारा तसाच आडवा ठेवून होडी बराच वेळ तिथंच फिरत राहिली.