एकच कुत्रं, पण नीट विचारून

कुत्र्यांच्या डॉक्टरकडे किस्से साठायला फार काही करावं लागत नाही. दवाखान्याचं दार उघडं ठेवलं की पुरतं. पेशंटला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वाटचं मालक बोलतो, आणि बोलता बोलता स्वतःच्या घरातलं सगळं सांगून जातो. सोलापुरात दवाखाना थाटून मला बरीच वर्षं झाली. मैत्रिणी भेटल्या की लसींबद्दल कुणी विचारत नाही, "नवीन काय गं?" एवढंच विचारतात.

सगळ्यात जास्त वेळा माझ्याकडे येणारा प्रश्न म्हणजे, "मॅडम, आम्हाला कुठलं ब्रीड सूट होईल?" प्रश्न उत्तम आहे. फक्त लोक तो कुत्रं विकत घेऊन, त्याचं बारसं करून, त्याच्यासोबतचा फोटो डीपीला लावून मग विचारतात. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला काढावी, तसं.

आधी विचारायला आलेला माणूस मी एकच पाहिला. कदमकाका. श्रीपूरच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काकू गेल्यावर मुलाने त्यांना सोलापूरला फ्लॅटवर आणलं. मुलगा आणि सून दोघंही सकाळी नोकरीवर जातात, त्यामुळे दिवसभर घरात काका आणि टीव्ही. काकांनी कुत्रं मागितलं तेव्हा मुलाने सांगितलं, "बाबा, आणा. पण एकच, आणि नीट विचारून. आणून परत द्यायचं नाही."

"म्हून आलोय," काका म्हणाले. "काट्यावरनं गाडी एकदा उतरली की वजन बदलत न्हाय, डॉक्टरबाई. आदीच नीट बगाया पायजे."

मी त्यांना म्हटलं, बाकावर बसा, रोज चार कुत्री बघा, आपोआप कळेल. हे मी सहज बोलले होते. काका दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर हजर.

*

त्या आठवड्यातली पहिली केस हस्कीची. हा बर्फातला कुत्रा, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापडसुद्धा करपतात. घरच्यांनी बिचाऱ्यासाठी घरातली एकुलती एक एसीची खोली सोडली होती. स्वतः सगळे हॉलमध्ये कूलरसमोर झोपायचे. कुत्र्याची तक्रार नव्हती, माणसांचीही नव्हती.

मग अधिक महिना आला आणि पाठोपाठ जावई आला. आता जावयाला अनारसे देऊन कूलरसमोर कसं झोपवायचं? त्याची गादी एसीच्या खोलीत घातली. कुत्रा एका कोपऱ्यात, जावई दुसऱ्या कोपऱ्यात. जावयाला खोली इतकी आवडली की दोन दिवसांसाठी आलेला माणूस हलायचं नाव घेईना. आणि कुत्र्याने खाणं सोडलं.

मी तपासलं. ताप नाही, पोट ठीक. सासूबाईंना म्हटलं, "काही नाही हो, खोलीत परका माणूस आहे म्हणून रुसलाय. तो गेला की खाईल."

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जावयाला कधी जाणार असं विचारता येतं का? तुम्ही कुत्र्यालाच भुकेचं औषध द्या."

बाकावरून काका म्हणाले, "हस्की नगं. आमच्यात एसी ल्योकाच्या खोलीत हाय."

*

दुसरा आला तो लॅब्राडॉर. आला म्हणजे तिघांनी उचलून आणला. टेबलाने कुरकुर केली. सोबत घरच्या आजी होत्या. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "याला खायला काय काय देता?"

"काही नाही हो," आजी म्हणाल्या. "अर्धा आठवडा तर उपाशीच असतो तो."

चौकशी केल्यावर उलगडा झाला. आजींचा सोमवार, सुनेचा गुरुवार, मुलाचा शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी वेगळी. ज्याचा उपास, त्याच्यासोबत कुत्र्याचाही उपास. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर तूप, शेंगदाण्याचा लाडू, आणि आजींच्या हाताने भरवलेली भगर. माणसांना आठवड्यात एकेक उपास पडायचा, याला सगळ्यांचे पडायचे.

मी जरा कडक आवाज काढला. म्हटलं, आजी, याचे उपास आजपासून बंद. नाहीतर गुडघे जातील त्याचे.

आजी गंभीर झाल्या. बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद करू. पण धरलेले उपास मधेच सोडता येत नाहीत. आधी उद्यापन घालावं लागेल. तुम्ही जेवायला या."

मी गेले होते. पुरणपोळी छान होती. मानाचं पहिलं ताट कुणाला वाढलं ते सांगायला नको.

*

भवानी पेठेतले व्यंकटअण्णा हे आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. राखणीसाठी म्हणून त्यांनी अल्सेशियनचं इवलंसं पिल्लू आणून मागाखालीच वाढवलं. वर्षभराने ते त्याला घेऊन आले, चेहरा पडलेला. "मॅडम, हे झोपतंय बघा. दिवसभर नुसतं झोपतंय. औषध द्या काहीतरी."

कुत्रा ठणठणीत होता. माझ्या टेबलावर तर टक्क जागा, कान ताठ. मग मी एकदा कारखान्यात जाऊन पाहिलं. सगळे माग खटाखट खटाखट चाललेत, शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत नाही, आणि हा मधोमध पाय पसरून घोरतोय. ती खटखट म्हणजे त्याची अंगाई. माग थांबले की मात्र ताडकन उठायचा आणि जो हलेल त्याच्यावर धावून जायचा.

म्हटलं, अण्णा, आता याला काही इलाज नाही. अण्णा हिरमुसले होऊन गेले.

महिन्याभराने पेढे घेऊन आले. "मॅडम, पूर्वी लाइट गेली की सगळे कामगार चहाला जायचे, तासभर येत नव्हते. आता लाइट गेली की कुणी जागेवरनं हलत नाही. ब्रीड चांगलं हाय."

"चांगलं हाय," काका बाकावरून म्हणाले, "पर आपल्याकडं माग कुटं हाय?"

*

एव्हाना काका दवाखान्याचेच होऊन गेले होते. कोण नवीन आलं, कुणाचा नंबर, कुणाच्या मांजराला कुत्र्यापासून लांब बसवायचं, हे सगळं तेच बघायचे. खिशात बिस्किटं ठेवायला लागले होते. आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. आत येणारं प्रत्येक कुत्रं टेबलाकडे यायच्या आधी काकांकडे जायचं आणि त्यांच्या पायजम्याचा वास घ्यायचं. सावकाश, खालपासून वरपर्यंत, अगदी पेपर वाचल्यासारखं. मला वाटायचं, मुक्या जनावरांना माया कळते.

माझे मदतनीस सलीमभाई मला एकदा म्हणाले, "मॅडम, ये काका कुत्ता लेने को नै आते. इनको लेने का रहता तो कबका ले लिये रहते."

मी म्हटलं, असू दे सलीमभाई, त्यांना एकच संधी आहे, नीट बघू दे. खरं सांगायचं तर ते एक दिवस आले नाहीत की मलाच करमायचं नाही.

*

टेंभुर्णीच्या एका हॉटेलवाल्याने भारी दणकट रॉटवायलर घेतला आणि हॉटेलच्या दारात बांधला. चार दिवसांत गिऱ्हाईक आटलं. हायवेवरून गाडी वळायची, कुत्रं दिसायचं, गाडी तशीच पुढे जायची. माझ्याकडे आला तेव्हा रडवेला झाला होता. "मॅडम, चुकलंच माझं. हे ब्रीड आमच्या धंद्याला सूट न्हाय. कुणाला तरी देऊन टाका."

म्हटलं, देऊन कशाला टाकता? हॉटेलात नको, तुमच्या घराच्या दारात बांधा.

पुढच्या लसीला आला तो हसतच. "मॅडम, आता द्यायचं नाव काढू नका. बायकोच्या माहेरची मानसं यायची बंद झाली. लई सूट झालंय."

*

आणि जुळे सोलापुरातल्या सोसायटीतला तो किस्सा. एका गृहस्थांनी सांगोल्याकडच्या आपल्या मेंढपाळ मामांकडून पिल्लू आणलं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या रक्ताचं कुत्रं, आणि इथे राखायला काय, तर तीन खोल्या आणि एक कुंडी. ते बिचारं दिवसभर घरातल्या चपला एका कोपऱ्यात गोळा करत बसायचं.

एका रविवारी सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली. दर वेळी चहा झाला की लोक एकेक करून सटकतात आणि लिफ्टचा विषय तसाच राहतो. त्या दिवशी या कुत्र्याचा पट्टा सुटला. एवढी माणसं उघड्यावर विखुरलेली बघून त्याला भरून आलं असावं. गोल गोल फिरून त्याने सगळ्यांना खुर्च्यांसकट एका कोपऱ्यात आणलं. कुणी उठलं की समोर जाऊन बसायचं. चावलं नाही, भुंकलं नाही, नुसतं बघत राहायचं. दीड तासात लिफ्ट, पाण्याची टाकी, पार्किंग, सगळे विषय मंजूर.

ते गृहस्थ माझ्याकडे आले. मी म्हटलं, तक्रार आली असेल ना?

"तक्रार नाही, विनंती आलीय," ते म्हणाले. "पुढच्या मीटिंगला तो तब्येतीने ठीक असला पाहिजे म्हणून सेक्रेटरींनी मुद्दाम तपासून घ्यायला सांगितलंय."

सगळे हसले. काकाही हसले. मग त्या कुत्र्याचे कान कुरवाळत म्हणाले, "ह्ये ब्येस हाय, डॉक्टरबाई. माजा जीव बसला ह्येच्यावर. पर आमच्या घरात गोळा कराया मानसं कुटंयत?"

मी म्हटलं, उद्या बीगलबद्दल सांगते, लहान असतो, फ्लॅटला चांगला. काका म्हणाले, "व्हय, व्हय. सावकाश. घाई न्हाय."

बीगल मी दुसऱ्या दिवशी निम्माच सांगितला, तेवढ्यात एक अपघाताची केस आली आणि राहून गेलं.

*

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळचीच वेळ, गर्दी कमी. काका बाकावर पेपर वाचत होते. रिक्षातून एक तरुण बाई उतरली, ऑफिसला निघालेल्या कपड्यांत, आणि पदराखाली धरावं तसं ओढणीत एक पिल्लू गुंडाळलेलं. तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. जात कुठली म्हणून विचारायचं कारणच नाही, आपली गावातलीच.

"डॉक्टर, याने शेंगाचटणीची अख्खी पुडी खाल्लीय," ती म्हणाली. घाबरली होती. "शेजारी म्हणाले हा दवाखाना जवळ आहे, म्हणून इथे आणलं."

मी पिल्लाला टेबलावर घेतलं. जीभ लालभडक, बाकी स्वारी खुशीत. म्हटलं, काही होत नाही, पाणी भरपूर पाजा, दिवसभर लक्ष ठेवा. लस झालीय का?

"झालीय. सरकारी दवाखान्यात सासरे नेतात. दीड महिना झाला आणून. श्रीपूरला जुन्या मित्रांना भेटायला गेले होते, तिथे कारखान्याजवळ सापडलं त्यांना. आम्ही म्हटलं होतं, नीट विचारून आणा. तर म्हणाले, एका डॉक्टरबाईंना सगळं विचारूनच आणलंय, आपल्याला हेच सूट होतंय." ती जरा हसली. "खरंच होतंय हो. मीच आता ऑफिसातून लवकर येते."

तेवढ्यात पिल्लाने माझ्या हातातून उडी मारली. थेट बाकाकडे गेलं, पेपरच्या खालून आत शिरलं आणि काकांच्या चपलेवर जाऊन बसलं.

पेपर हळूहळू खाली आला.

"बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही तर रोज सिद्धेश्वराच्या देवळात जाता ना?"

सलीमभाई कॅलेंडर वाचायला लागले. काकांनी पेपराची घडी घातली, पिल्लाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं नाही, आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"डॉक्टरबाई, ते बीगलचं काल निम्मंच ऱ्हायलं हुतं."

सुनेने पर्स खांद्यावरून काढली, काकांच्या शेजारी बाकावर बसली, आणि पिल्लाला मांडीवर घेत मला म्हणाली, "हो डॉक्टर, सांगा ना. कसा असतो बीगल?"